लाइनीतला दोष

महाडच्या एका इंटरनेट कंपनीत मी घरोघरी लाइन तपासायला जायचो, तेव्हाची गोष्ट. बिरवाडीच्या एका काकांची तक्रार होती, की दुबईतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल दोन मिनिटांत तुटतो. मी पोचलो तेव्हा काका दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. मी तीनदा स्पीड मोजला. तिन्ही वेळा चांगला आला. ऑफिसातल्या मित्राला लावलेला कॉल तर बराच वेळ चालला. म्हणजे मुलगाच कॉल तोडत होता.

"लाइन बरी हाय ना?" काकांनी हळूच विचारलं.

मला खरं सांगवेना. "नाही काका, दोष आमच्या लाइनीत आहे."

"मंग पोराचा काय दोष नाय," म्हणत त्यांनी माझा हात घट्ट धरला.

पुढं दर महिन्याला त्यांची तक्रार यायची. मी जायचो, आणि दुरुस्त केल्यासारखं करून परतायचो.