रामनगर ते गुंद: द्यायला नेलेली स्कूटर

...अंगण झाडून झालं होतं, कोंबड्या सोडल्या होत्या, चुलीवर भाताचं आधण होतं. हे नेहमीप्रमाणे न्हाणीघरामागे गेले आणि एक बादली पाणी ओतून आले. त्या कोपऱ्यात झाड नाही, वेल नाही, गवतसुद्धा नाही.

"काय उगवणार हाय तिथं?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात कोरडं पडतंय," एवढंच म्हणाले आणि चहा मागितला.

गेल्या वर्षीच्या मार्चातली साधी सकाळ होती. लक्षात ठेवावं असं तिच्यात काही नव्हतं.

माझे यजमान वायरमन होते. शॉक लागून गेले नाहीत. लोक विचारतात म्हणून आधीच सांगते. गेल्या गणेशचवथीनंतर हृदय बंद पडलं. मागे राहिली अवजारांची पिशवी आणि आठ महिने वापरलेली बॅटरीची स्कूटर. ती मी शिकले. दोनदा पडले, तिसऱ्यांदा बाजारात गेले.

संक्रांतीनंतर घरी प्लग लावला की चार्जरवर लाल दिवा लागायला लागला आणि चार्जिंग बंद. शोरूमचा माणूस आला, मीटर लावून बघितलं, म्हणाला, "अर्थिंग मिळत नाही."

"हे वायरमनचं घर आहे," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला आणि गेला.

माझी शाळा सातवीत सुटली, वाचायचं सुटलं नाही. गाडीची पुस्तिका मी तीनदा वाचली. 'योग्य अर्थिंग आवश्यक' असं तिच्यात चार ठिकाणी आहे. ते कुठे गेलं असेल, हे कुठेच नाही. मग पिठाच्या गिरणीत गाडी चार्ज करू लागले. दळण नसलं तरी रोज गिरणीत. दीर म्हणाले, "घर पेटायच्या आत देऊन टाका." गुंदला माझी नणंद सुलू राहते. तिला डेअरीला दूध न्यायला गाडी हवीच होती. ठरलं. जाताना स्कूटर, येताना बस.

सकाळी सातला आमच्या रामनगरच्या गिरणीतून पूर्ण चार्ज घेऊन निघाले. अशा गाडीवरून इकडे येणार असाल तर मीटरवर दिसणाऱ्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. चढ लागला की आकडे भराभर उतरतात, उतारावर थोडे परत येतात. रस्ता जंगलातून आहे, वळणं भरपूर. आवाज नसल्यामुळे जनावरांना गाडी कळत नाही. जगलबेटच्या पुढे एक गवा रस्त्यात उभा होता. मी जवळ गेल्यावर त्याने मान वर केली. दोघंही दचकलो. गव्याला हॉर्न वाजवू नये. मी थांबले, तो थांबला, शेवटी त्याला कंटाळा आला.

गणेशगुडीला अवलक्की, म्हणजे पोहे, आणि मिरची भजी खाल्ली, चहा घेतला, सगळं मिळून पन्नासच्या आत. शेजारी बॅटरीवरचा मालटेंपो उभा होता, एका लॉजचा. मागे भाजीची पोती आणि राफ्टिंगच्या फुगवायच्या होड्या. चालवणारा महादेव माझी गाडी निरखत होता.

"मावशी, तुम्ही चालवता व्हय?"

"न्हाई, ढकलत आणली."

तो हसला. मी त्याला मनातलं विचारलं. "पेटते काय रे ही?"

"डिझेलची पेटलेली म्या बघितलीया. ही अजून न्हाई. पर घाट चढून आल्या आल्या प्लग लावायचा न्हाई, अर्धा तास थंड होऊ द्यायची. गवताच्या गंजीजवळ लावायची न्हाई. आन् ती लांब वायरीची पट्टी असतीया बघा, तिच्यावर तर न्हाईच. भिंतीतला जाड पॉइंट पायजे, पंधरा अँपिअरचा."

"आणि लाल दिवा लागला तर?"

"तर तो शाणा हाय म्हणायचं आन् त्याचं ऐकायचं."

सुपा धरणाकडे बघून पुढे निघाले. जोइडा ओलांडून गुंदला पोचले तेव्हा बॅटरी निम्म्याखाली होती. सुलूने तांदळाची भाकरी आणि मुडलीची भाजी केली होती. मुडली म्हणजे इकडचा अळूचा मोठा कंद. मिळाला तर सोडू नका.

जेवण होईपर्यंत गाडी थंड झाली होती. मी चार्जर सुलूच्या पडवीतल्या पॉइंटला लावला आणि नजर दुसरीकडे वळवली. किल्ली माझ्या कमरेला होती. ती द्यायची कशी, काय बोलून, याची तयारी मी घाटभर केली होती.

"वैनी, हिरवा लागला की!"

बघितलं. हिरवा होता. सुलू तेवढ्यात तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन गोठ्याच्या बाजूला गेली आणि जमिनीतून वर आलेल्या पाइपाच्या तोंडाशी ओतून आली.

"हे काय?" मी विचारलं.

"अर्थिंगचा खड्डा. अण्णानंच करून दिलाय, कोळसा-मीठ घालून. उन्हाळ्यात रोज पाणी घाल म्हणालावता, कोरडा पडला की काम करत न्हाई. तुझ्याकडं कोण घालतंय?"

तिचा अण्णा म्हणजे आमचे हे. मी त्या पाइपाच्या तोंडाशी वाकून बघितलं.

"वैनी?"

"मी त्याच्यावर लाकडं रचलीत," मी म्हटलं. "पावसाळ्यासाठी."

सुलू पदर तोंडाला लावून हसायला लागली. "वायरमनची बायको! आन् खड्ड्यावर लाकडं!" हसता हसता ती रडायला लागली, ते तिलाही कळलं नसावं. मग तिने डोळे पुसले. "किल्ली ठेव तुझ्याकडंच. अण्णाची गाडी हाय. मी दूध सायकलवरनं नेते, न्हाईतरी आमच्या म्हशीला डेअरीची घाई न्हाई."

मुक्काम केला. सकाळी पूर्ण चार्जवर निघाले आणि दुपारी घरी पोचले. गवा दिसला नाही. वाचणाऱ्यांसाठी एक सांगते: नुसतं पाणी ओतून निश्चिंत होऊ नका, जाणत्या वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. आमचा जाणता आता नाही, म्हणून मी जोइड्याच्या एकाला सांगून ठेवलं आहे. तपासून होईपर्यंत गिरणी आहेच.

सहा महिने मी त्यांची पिशवी पुसून ठेवत होते, फोटोला फूल वाहत होते. त्यांनी खरोखर रोज केलेलं एक काम तेवढं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगण झाडलं, कोंबड्या सोडल्या, न्हाणीघरामागची लाकडं हलवली आणि एक बादली पाणी ओतलं.