वरचं सीताफळ

"थांबा, वरचं राह्यलं."

माजलगावच्या आमच्या रस्त्यावर ही हाक आली की समजायचं, चाचा हातात सीताफळ घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलमागे निघालेत. एक हात गुडघ्यावर, एक वर. सत्तरीचा माणूस असा पळताना बघून नवखा घाबरायचा. आम्ही दुकानदार हसायचो.

चाचांचा फळांचा गाडा माझ्या मोबाईलच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे. एरवी पेरू, पपई. दिवाळीच्या आगेमागे धारूरच्या डोंगरातली सीताफळं. माल तोलून झाला, पैसे हातात आले, की ते एक फळ निवडून पिशवीत वरून ठेवायचे. आणि निवडायचे खरंच. अंगठ्यानं दाबून बघायचे, पसंत पडलं नाही तर दुसरं. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या घरच्या सगळ्यांची विचारपूस व्हायची. "वरचं दिल्याबिगर सौदा पुरा होत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमच्याही गावात असा एखादा असेल, आठवून बघा.

मग मी शहाणपणा केला. जो तो फोनवरून पैसे द्यायला लागला, तेव्हा मीच चाचांच्या गाड्यावर स्कॅनरचं कार्ड लावलं आणि पैसे आले की बोलणारा डबा दिला. म्हटलं, चाचा, सुट्ट्या पैशांची कटकट संपली. संपली खरी. पण सुट्ट्यांच्या त्या शोधाशोधीतच चाचांचं निवडणं चालायचं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता डबा बोलला की गिऱ्हाईक किक मारून मोकळं, आणि चाचांच्या हातात फळ तसंच.

एकदा एका गड्याला त्यांनी पार चौकात गाठलं. तो बिचारा फोन काढून दाखवायला लागला, "गेलेत की पैसे चाचा, हे बघा."

"पैशाचं कोन म्हनतंय बे? हे घे."

पळणं झेपेना, तेव्हा त्यांनी पैशांच्या आधीच वरचं टाकून बघितलं. तर एका बाईंनी ते पिशवीतून काढून परत ठेवलं. "नासकं खपवायले का चाचा?" चाचांनी ते फळ बाजूला ठेवलं. दुपारी डबा माझ्या काउंटरवर आणून ठेवला.

"घ्या तुमचा डबा. उद्यापासून गाडा बंद."

"कावून?"

"पैसे येतेत भाऊ, मानूस येत न्हाई. मग मी तरी कशाला उभा राहू? ह्यो डबाच उभा करा तितं."

मी चिडलो. एका फळापायी चाळीस वर्षांचा धंदा मोडता का, असं बरंच बोलून गेलो. ते डबा तिथंच ठेवून निघून गेले. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्यानं येऊन डबा घेऊन गेले. बघतो तर कार्ड गाड्यावर आडवं ठेवलेलं आणि त्यावर एक निवडक सीताफळ. गिऱ्हाइकानं "स्कॅनर कुठंय?" विचारलं की चाचा म्हणायचे, "फळाखाली. उचला, ते तुमचंच हाय." माणूस फळ उचलायचा, हसायचा, दोन शब्द बोलायचा, मग पैसे टाकायचा. लगेच कार्डावर दुसरं फळ. रसानं कार्ड चिकट होऊन आठ-दहा दिवसांत स्कॅनर धरेना. मी नवं छापून द्यायचो. चाचांनी मला हरवलं होतं आणि मी जाम खूश होतो.

पण पळवाट काढली ती मीच. सकाळी घाईत पिशवी उचलायची आणि पैसे दुकानात बसून टाकायचे. स्कॅनर माझ्या फोनात होताच. पलीकडे डबा बोलला की चाचा माझं फळ घेऊन रस्ता ओलांडून यायचे.

गेल्या हंगामात एका दुपारी मी असेच दुकानातून पैसे टाकले, पलीकडे डबा बोलला. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. पलीकडे चाचा फळ घेऊन, गुडघा धरून उभे. मी हातानंच खुणावलं, राहू द्या, उद्या घेतो. त्यांनी ते फळ उंच करून मला दाखवलं आणि कार्डावर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडा लागला नाही. पहाटे नमाजासाठी उठले आणि छातीत कळ आली. दवाखान्यात पोचायच्या आत चाचा गेले.

महिन्याभरानं चाची दुकानात आल्या. ते कार्ड माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "हे धरत न्हाई, भाऊ. त्या दिवशी गाडा झाकला, तवा एक फळ ह्याच्यावरच ठिवलं हुतं त्यांनी. आज ताडपत्री काढली तर पार सडून गेलतं."

कार्डाच्या मधोमध गोल तपकिरी डाग होता. मी चाचींना नवं कार्ड छापून दिलं. त्यांनी ते गाड्यावर उभं लावलं.

जुनं माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. चाचांच्या हिशेबानं आमचा तो सौदा अजून पुरा झालेला नाही. मला ते बरं वाटतं.