उजनीच्या पाण्यातला निळा ठिपका

पोलिसातल्या नोकरीत मी पाण्यातून बरीच माणसं बाहेर काढली. पण जो माणूस पाण्यात नव्हताच, त्याला शोधायला भर उन्हात होडीत बसलो, ती केस अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. त्यातली मंडळी आज आपापल्या संसारात आहेत, म्हणून नावं सांगत नाही.

तेव्हा माझी नेमणूक इंदापूर तालुक्यात होती. सकाळची हजेरी आटोपून मी टपालावर सह्या करत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका गृहस्थाला आत आणलं. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, दोन हातांत दोन मोबाईल. बारामतीला एमआयडीसीजवळ एक फर्म होती. कारखाने, डेअऱ्या, कोल्ड स्टोरेज यांना कामगार पुरवणं हा तिचा धंदा. त्या फर्मचा हा मॅनेजर. हाताखाली सेल्सची पाच पोरं. त्यांनी गावोगाव फिरून ‘तुम्हाला माणसं लागतात का’ असं विचारायचं आणि महिन्याचं टार्गेट पुरं करायचं. फिरताना मोबाईलचं लोकेशन सतत चालू ठेवायचं, म्हणजे मॅनेजरला बारामतीत बसून कोण कुठे आहे ते दिसे.

त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. नकाशावर उजनी धरणाच्या फुगवट्याचं निळं पाणी, आणि पळसदेवच्या बाजूला पाण्याच्या मधोमध एक ठिपका. “हा आमचा इंदापूरचा माणूस. सकाळपासून इथेच आहे. फोन उचलत नाही,” तो म्हणाला.

मिसिंगची, म्हणजे बेपत्ता माणसाची नोंद घ्यायची तर नाव लागतं. मॅनेजरने दुसऱ्या मोबाईलमध्ये शोधलं. त्यात नंबर ‘सेल्स इंदापूर नवीन’ या नावाने होता. त्याच्या वर ‘सेल्स इंदापूर जुना’, त्याच्याही वर ‘सेल्स इंदापूर त्याआधीचा’. माणसं टिकतच नाहीत, नावं कुठवर लक्षात ठेवायची, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्याने बारामतीच्या ऑफिसला फोन लावून नाव विचारलं. उंची, वर्ण, अंगावरची खूण यातलं काहीच त्याला सांगता येईना. टार्गेट किती मागे आहे ते मात्र तोंडपाठ होतं. “माणूस बुडाला असेल तर वाईटच आहे साहेब,” तो म्हणाला, “पण नेमकी महिनाअखेर आहे.”

पोरगा बावड्याचा निघाला. त्याच्या वडिलांना निरोप धाडला आणि आम्ही पळसदेवला पोहोचलो. थोड्याच वेळात वडीलही आले. पांढरी टोपी, चिखलाने भरलेले पाय. उसाला पाणी देत होते, तसेच उठून आले होते. हनुवटीवर लहानपणी बैलाचं शिंग लागल्याची खूण आहे, एवढं त्यांनी न विचारता सांगितलं. मी विचारलं, मुलाला पोहता येतं का?

“येतं की. इहिरीत शिकलाय. पाण्यानं बुडायचा न्हाय त्यो,” ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, “पर गेला महिनाभर धड जेवत न्हाय. मनानंच बुडाला आसंल, तर मला सांगता यायचं न्हाय.”

इतका वेळ मला त्या मॅनेजरचं हसू येत होतं. ते एकदम विरलं. दोन पट्टीचे पोहणारे घेतले, होडी सोडली. वडिलांना काठावर हवालदाराजवळ बसवलं. मॅनेजरला बरोबर घेणं भाग होतं, कारण ठिपका त्याच्या मोबाईलमध्ये. बूट काढायला तो तयार होईना, म्हणून टायसकट आणि बुटांसकट होडीत बसला.

बरंच आत गेल्यावर तो पुटपुटला, “साहेब, बॉडी हलतेय.”

मी बघितलं. ठिपका खरंच सरकत होता, आणि तोही वाऱ्याच्या उलट दिशेने. इतक्या वर्षांच्या नोकरीत वाऱ्याविरुद्ध जाणारं प्रेत मी पाहिलं नव्हतं. नावाड्याला म्हटलं, जोर लाव.

पुढे एक म्हातारा कोळी आपल्या होडीतून जाळी तपासत चालला होता. माशांच्या क्रेटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, आणि त्या पिशवीत मोबाईल वाजत होता. तो वाजवणारा मॅनेजर आमच्याच होडीत बसला होता.

मी ओळख सांगून चौकशी सुरू केली. पाण्यावर घेतलेला हा माझा एकमेव जबाब. म्हातारा मुळीच घाबरला नाही. “सकाळधरनं कोकलतंय ह्ये,” तो म्हणाला. “पोरगं म्हणलं, तात्या, उचलू नका, निस्तं फिरवा. ठिपका हालला पायजे. मी फिरवतोय. मधी जाळ्यात गुतलो, तवा जरा थांबलो आसंल.” रोज हा फोन दुधाच्या गाडीतून निरवांगीकडे फिरायला जायचा. आज ती गाडी बंद पडली, म्हणून उजनीत आला.

पोरगा कुठे आहे, हा खरा प्रश्न. हायवेलगतच्या कोल्ड स्टोरेजला जातो म्हणाला होता, असं म्हाताऱ्याने सांगितलं. मी लगेच काठावर हवालदाराला फोन केला आणि वडिलांना घेऊन तिकडे जायला सांगितलं.

आम्ही होडी वळवतोय तोच मॅनेजरचा फोन वाजला. पुण्याचे मोठे साहेब. बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं, कारण पाण्यावर आवाज लपत नाही. तू धरणात काय करतोयस, असं ते विचारत होते. मॅनेजरचाही ठिपका पुण्यात कुणीतरी बघत होतं. “सर, क्लायंट मीटिंगला आलोय,” तो म्हणाला. पुण्याहून विचारणा झाली, क्लायंट कोण. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. फोन बंद झाल्यावर त्याने टाय सैल केला.

तिकडचं हवालदाराने मागून सांगितलं. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात पोरगा चहा पीत बसला होता. समोर मालक करारावर सही करत होते. पन्नास कामगारांचं काम त्याने मिळवलं होतं. वडिलांनी आत शिरताच त्याच्या पाठीत एक रट्टा घातला आणि मग तिथेच फरशीवर बसून टोपीने डोळे पुसले. त्या पोराला काय झालंय हेच कळेना.

ठाण्यात आणून जबाब घेतला. मोबाईल पाण्यावर फिरवून काम चुकवत होतास का, असं मी दरडावून विचारलं.

“काम चुकवाया न्हाय साहेब, काम कराया,” तो म्हणाला. “दर धा मिन्टाला फोन. कुठं हाय, कुणासंगं हाय, झालं का. मालकाम्होरं बसलो की फोन. उचलला तर मालक उठून जातो. न उचलावा तर पगार कापत्यात. ठिपका फिरता दिसला, की गाडीवर हाय म्हणून सोडत्यात. फोन फिराया लावला, तवापासनं आमाला कामं मिळाया लागली.”

“आम्हाला म्हणजे?” मॅनेजरने विचारलं. तेव्हा कळलं, की उरलेल्या चौघांचे फोनही त्याच दुधाच्या गाडीत असायचे. बंद गाडीतले ते फोन त्या वेळी एका गॅरेजात वाजत होते. आजवर एकेकाचाच ठिपका बघणाऱ्या मॅनेजरने घाईने सगळ्यांचा नकाशा उघडला. चार ठिपके एकावर एक बसले होते. दिशाभूल केल्याचा गुन्हा दाखल करा, असा त्याने आग्रह धरला. मी म्हणालो, कलम तुम्ही शोधून आणा, तोवर आम्ही मिसिंग बंद करतो.

पोराने करार टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी कंपनीचं ओळखपत्र ठेवलं आणि बापाच्या गाडीवर मागे बसून बावड्याला गेला. पुढे त्या कोल्ड स्टोरेजवाल्यानेच त्याला कामावर घेतलं. मॅनेजर दिवाळीनंतर मला बारामतीच्या बाजारात भेटला. टाय नव्हता, अंगावर थोडं मांस चढलं होतं. मी काही विचारायच्या आत म्हणाला, “मीही सोडली, साहेब. आता झोप लागते.”

त्यानंतर निवृत्तीपर्यंत बऱ्याच मिसिंग हाताळल्या. घरातून निघून गेलेल्या सुना, वसतिगृहातून पळालेली मुलं, दुकानातून नाहीसे झालेले नोकर. तक्रार द्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, साहेब, कुठे गेला असेल? त्याला पाणी देऊन मी उलट विचारायचो, कशाला कंटाळला होता? बहुतेक जण एकदम गप्प व्हायचे. ती गप्प बसलेली माणसं बोलती झाली, की पत्ता शोधायला फार लांब जावं लागायचं नाही.