तिचा नेम, माझा वारा

रविवारी आमच्या रेंजवर जोडीची मॅच होती. तेव्हापासून क्लबच्या ग्रुपवर माझ्या नावानं जे फिरतंय ते मीही वाचलंय... गौरीची दुर्बीण उचलणारा हमाल म्हणे. म्हणून एकदाच लिहितो.

जोडीच्या मॅचमध्ये एकजण तीनशे मीटरवरच्या टार्गेटवर रायफल चालवतो. दुसरा शेजारी पालथा पडून दुर्बिणीतून वारा वाचतो आणि सांगतो. वारा डावीकडून आला की गोळी उजवीकडे ढकलली जाते, म्हणून साईट डावीकडे क्लिक करायची. ऐकायला सोपं आहे. करून बघा सोलापूरच्या उन्हात.

नेम धरणारी गौरी, वारा वाचणारा मी. मी तिला विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली, हे शुक्रवार पेठेतल्या चहावाल्यालाही माहीत आहे. मी कॉलेज अर्धवट सोडलं तेही माहीत आहे. दोन्हीची मला लाज वाटत नाही.

पहिली येणारी जोडीच राज्य स्पर्धेला जाणार होती. गौरीची संधी गेल्या वेळी अगदी थोडक्यात हुकली होती, आणि तेव्हापासून तिनं एक रविवार सोडलेला नाही. रविवारी आम्ही पुढे होतो, दोनच गोळ्या राहिल्या होत्या... आणि मी माती खाल्ली.

लांबचा, टार्गेटजवळचा झेंडा जोरात फडफडत होता. मी बघितलं आणि म्हणालो, "तीन डावीकडे." पण आमच्या पुढ्यातली हवा पडलेली होती, आणि गोळीला जास्त हलवतो तो जवळचाच वारा. गोळी डावीकडे गेली, मधल्या दहाऐवजी थेट सातात. आमची आघाडी संपली, शेजारची जोडी बरोबरीला आली.

गौरी एवढंच म्हणाली, "माझा ट्रिगर नीट होता."

मागून आमचे कोच, ज्यांना सगळे सुभेदार म्हणतात, ते ओरडले, "काय बघलालास बे? दुर्बीण टार्गेटकडं हाय का तिच्याकडं?" मागची पोरं फिदीफिदी हसली. माझं डोकं सटकलं. उठून दोन शब्द ऐकवणारच होतो... तर गौरी रायफलीवरचा गालही न हलवता म्हणाली, "सुम्निरु."

तिच्या घरी कन्नड बोलतात, चिडली की तेच तोंडात येतं. गप्प बस. गप्प बसलो.

शेवटची गोळी. मी तिला साईट मध्यावर आणायला सांगितली आणि दुर्बीण जवळच्या झळांवर लावली. उन्हाच्या झळा वाऱ्याबरोबर आडव्या वाहतात, त्यातच वारा दिसतो. आता त्या सरळ वर चालल्या होत्या, उकळत्या पातेल्यावरच्या वाफेसारख्या. झेंडे खाली पडले होते. हवा पडली म्हणून आजूबाजूला सगळ्यांनी धडाधड गोळ्या मारल्या.

मी म्हणालो, "थांब." झळा अशा उभ्या राहिल्या की पुष्कळदा वारा बाजू बदलत असतो.

सुभेदार डोक्यावर येऊन उभे राहिले. "अरे, मारायला सांग की तिला. वेळ संपत आली."

"मी सांगेन तेव्हा मारेल," मी वळूनही न बघता म्हणालो. सुभेदारांशी असं कुणी बोलत नाही. मागचं हसणं बंद झालं... आणि गौरीनं बोट ट्रिगरवरून काढलं. आत्ताच चुकलेल्या माणसाचं ऐकून ती थांबली होती.

झळा हळूच डावीकडे कलल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच वारा उजवीकडून आला होता.

"दोन उजवीकडे. मार."

दहा. शेजारच्यांची वारा बदलताना सुटलेली गोळी आठात होती.

रायफल पिशवीत घालताना गौरी माझ्याकडे न बघता म्हणाली, "स्पर्धेला पण तूच ये. तो विषय मात्र काढायचा नाही."

"बरं," म्हणालो.

ज्या मुलीला मी नकोय, तिनं माझ्या एका 'थांब'वर आपली सगळी मेहनत लावली. इतकं मला आजवर कुणीच दिलेलं नाही, घरात नाही की कॉलेजात नाही. विषय काढणार नाही, शब्द दिलाय... पण मनात काय ठेवायचं, ते मी कुणाला विचारणार नाही. तिलाही नाही.