आत्याचं वारं

माझं लग्न आत्याच्या थोरल्या मुलाशी होणार, हे मी पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं. आमच्याकडं मामाची पोरगी आत्याच्या घरात द्यायची रीतच. तिथं कुणी पोरीला विचारत नसे. मला तो आवडायचाही, उगाच खोटं कशाला बोलू. विट्याच्या बाजूला त्यांची शेती होती. मी दिसले की बैल हाकताना उगीच छाती काढून चालायचा. लय शिष्ट होता.

आमचं गाव साताऱ्याजवळचं. वडील पलटणीत हवालदार. त्रेचाळीस साली, लढाई चालू असतानाच त्यांना कायमचं घरी पाठवलं. आले तेव्हा त्यांची बोटं उगाच हलत होती, खांदा उडत होता, चालताना झोकांड्या जात होत्या. हातात कपबशी टिकायची नाही. साध्या बोलण्यावर भडकायचे आणि कशावर भडकलो ते नंतर आठवायचं नाही. गावातली माणसं म्हणाली, पलटणीत दारूची सवय लागली. वडिलांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्या माणसांचा मला अजून राग येतो. ती मरून गेली तरी येतो. आई म्हणायची, "लढाईनं केलं."

शेवटी आईनं त्यांना साताऱ्याला डॉक्टरकडं नेलं. दुसऱ्या बाजूनं धरायला कुणीतरी हवं म्हणून मला बरोबर घेतलं. मी सोळा वर्षांची होते. डॉक्टरांनी वडिलांना जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला सांगितलं. ती आपोआप आत जायची. मग आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली आणि घट्ट धरून ठेवा म्हणाले. मूठ आवळायची, सुटायची, पुन्हा आवळायची, म्हशीची धार काढावी तशी. डॉक्टरांनी आईला विचारलं, "यांच्या घरात असं आणखी कुणाला आहे? वडील, भाऊ, बहीण?"

"न्हाई जी," आई म्हणाली.

आई खोटं बोलली नाही, हे आधी सांगते. आत्याची मान, खांदे, हात कितीतरी वर्षं तसेच हलत होते. पण ते औंधच्या यमाईचं वारं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी बाया तिच्यापुढं नारळ ठेवून प्रश्न विचारायच्या, पाया पडायच्या. डॉक्टरांनी रोगाचं विचारल्यावर देवीचं नाव कोण घेईल? आजोबांचंही असंच हलायचं म्हणे, पण ते पिऊन विहिरीत पडले असं सगळे सांगायचे. एका घरातल्या तिघांना आम्ही तीन वेगवेगळी कारणं देऊन मोकळे झालो होतो.

मी मात्र त्याआधीच्या दिवाळीला आत्याकडं राहिले होते. वारं मंगळवारी यावं, शुक्रवारी यावं. आत्याची बोटं भाकरी मोडतानाही हलायची, पाणी पिताना तिला ठसका लागायचा. दुपारी डोळा लागला की मात्र सगळं थांबायचं. वडिलांचंही झोपेत थांबायचं. मी बोलून गेले, "आत्याचं बी असंच हाय."

आईनं मला चिमटा काढला. डॉक्टरांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, हा मेंदूचा रोग आहे, वंशात चालत येतो, बहुतेकदा तिशी-चाळिशीत दिसायला लागतो. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. औषध नाही. मी लाज सोडून आत्याच्या मुलाचं विचारलं. ते म्हणाले, "दोन्हीकडून येईल, पोरी. नको करूस."

घरी येऊन मी लग्नाला नाही म्हटलं. आत्या धावत आली. "माज्या देवीला रोग म्हणतीस व्हय गं?" म्हणाली आणि रडली. मीही रडले, पण हटले नाही. आई कितीतरी महिने माझ्याशी धड बोलली नाही. जे बोलली ते एवढंच, "ह्यो शब्द भाईर गेला तर तुज्या भावास्नी कोण पोरगी देनार न्हाई." मग पत्रिका जुळत नाही असं सगळीकडं सांगितलं.

वर्षाच्या आत आत्यानं सांगलीकडची मुलगी सून म्हणून ठरवली. माझ्याच वयाची, हसरी पोर. हळदीला मी गेले, माझ्या हातानं तिला हळद लावली. तिनं हळूच विचारलं, "आक्का, तुमचं का मोडलं हो? काय असलं तर सांगा."

"पत्रिका," मी म्हणाले. पुढं तिच्या गालाला हळद लावत राहिले.

माझं लग्न दुसरीकडं झालं, मुलं झाली. नको करूस हे डॉक्टरांनी त्या एका लग्नाबद्दल म्हटलं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. चाळिशी ओलांडली, साठीही ओलांडली, माझे हात काही हलले नाहीत. पण कितीतरी वर्षं रोज सकाळी पहिल्यांदा मी माझी बोटं बघायची.

आत्याच्या मुलाचे हात एक्केचाळिसाव्या वर्षी सुरू झाले. कळल्यावर मी विट्याला गेले. त्याची बायको त्याला भाकरी दुधात कुस्करून भरवत होती. आता कुणी नारळ ठेवत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आक्का, तवा म्या तुमास्नी इचारलं हुतं. माजी तीन पोरं हाईत."