खोटा दाखला आणि धाकट्या भावाचं नाव

ते नवरा-बायको पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेले अजून दिसतात.

मी तेव्हा पोलादपूरला हवालदार होतो. गाव माझं लांब मराठवाड्यात. दहावीनंतर शाळा सुटलेली, त्यामुळे कायद्याचा कागद मी दोनदा वाचायचो. तरी या मुलखाने मला सांभाळून घेतलं, ते उपकार विसरणार नाही.

तहसीलमधून फोन आला, उत्पन्नाचा एक दाखला बोगस निघालाय, त्यावरचा बारकोड स्कॅन होत नाही. उमरठच्या वरच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याने तो सरकारी आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात दिला होता. बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशनची तारीख चार दिवसांवर, आणि तक्रारीमुळे मंजुरी थांबलेली. मला एकच भीती, माझ्या तपासात ही बाई गेली तर?

बोलावल्यावर दोघं चपला बाहेर काढून आत आली.

"बाबा, दाखला कुणी दिला?"

"नाय सांगत साहेब. नाव फुटला तर दोघं आत जाल, असा बोललाय तो."

बाई धापा टाकत म्हणाली, "सोडा त्यांना. चोरी करायची अक्कल असती तर मी सोन्यात नसते मढले?"

दरडावून उपयोग नव्हता. घाबरलेला माणूस दरडावलं की मुका होतो. मी प्रश्न बदलला. "खरा दाखला का नाही काढलात?"

"धाकटा भाव मुंबयला कंपनीत हाय. त्याचा नाव आमच्याच रेशन कार्डावर. त्याचा पगार धरतील, तो पाठवतो ते पण धरतील, मंग योजना नाय मिळणार, असा तो दाखला देणारा बोलला."

"मग नाव कमी करायचं कार्डावरून."

म्हातारा पहिल्यांदा ताठ झाला. "जित्या भावाचा नाव कापू? शिमग्याला पालखी दारात येते, तवा दोघांचा मिळून एकच नारळ असतो साहेब."

"बघा!" बाई म्हणाली. "बायको कापली तरी चालंल, भावाचा नाव नको!"

मी तडक नायब तहसीलदार मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "भावाचा संसार मुंबईत, चूल वेगळी. त्याचा पगार या दोघांचं उत्पन्न कसा होईल? आजारपणाला भाऊ देतो ती मदत. फक्त कार्डावर तो एकत्र दिसतो, म्हणून नाव कमी करायचा अर्ज द्या, तलाठी चौकशी करतील. खरा दाखला मिळेल."

ठाण्यात परतून म्हाताऱ्याला हे सांगितलं आणि त्याच्या भावाला फोन लावून दिला. तो ओरडलाच, "दादा, काप रे नाव! कागदावरून गेलो म्हणून घरातून जातो काय? वैनीला वाचव!"

म्हाताऱ्याने फोन ठेवला. "म्हंजे खरा दाखला मिळत होता? मंग त्याने मला फसवलंन?" आणि दाखला देणाऱ्या एजंटचं नाव सांगितलं. त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तसले आणखी दाखले सापडले. म्हातारा साक्षीदार झाला.

खरा दाखला येईपर्यंत ऑपरेशन आठवडाभर लांबलं. ते आठ दिवस मला जेवण गेलं नाही. बाई वाचली. शिमग्याला तिने घरी बोलावून पुरणपोळी वाढली.

त्या केसनंतर माणूस खोटं बोलला की मी आधी विचारायचो, भ्यायलास कशाला? आणखी एक गोष्ट केली. गावाकडच्या कार्डावर माझंही नाव अजून होतं, नि थोरला भाऊ दम्याने आजारी. त्याला फोन केला. "अण्णा, माझं नाव कमी कर. माझ्या पगारापायी तुझा दवाखाना अडायला नको."

तो म्हणाला, "मी काय वाईट केलं रे तुझं?"

रजा टाकून गावी गेलो, आणि अर्ज त्याच्या शेजारी बसून लिहिला.