पैले निकालो

अन्वरभाई कॅमेरा हातात घेतला की आधी नाकाला लावायचे. गिऱ्हाईक काय सांगतंय तिकडं लक्षच नाही. लेन्स फिरवून काढायची, कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडाशी नाक न्यायचं आणि दूध नासलंय का बघावं तसा वास घ्यायचा. मग निकाल. गंगापूरहून आलेल्या एका गुरुजींना ते माझ्यासमोर म्हणाले होते, "कपाटात ठेवता. साड्यांमधी, डांबर गोळ्यांजवळ." गुरुजी असे चपापले, जणू घरात येऊन कोणी कपाटच उघडून बघितलंय.

माझा पहिला दिवस याहून वाईट गेला. नवाकोरा कॅमेरा घेऊन मी दौलताबादचा किल्ला चढून आलो होतो आणि प्रत्येक फोटोत आभाळावर काळे ठिपके आले होते, माश्या बसल्यासारखे. गुलमंडीच्या मागच्या बोळात, कॅमेरे दुरुस्त करायच्या त्यांच्या पाटी नसलेल्या दुकानात गेलो. अन्वरभाईंनी वास घेतला आणि माझ्याकडं वर-खाली बघितलं.

"सुगंधी सुपारी खाता?"

"कधीकधी. का?"

"और तोंडानं फुंकर मारता. चूल है क्या ये? थुंकलात तुम्ही सेन्सरवर."

"थुंकलो नाही. धूळ होती, फुंकली."

"एकच हाय ते. बघा इथं." त्यांनी भिंग पुढं केलं. माझ्याच थुंकीचे बारीक वाळके डाग मला दिसले. "रबरी फुगा मिळतो हवा मारायला, तो घ्यायला नको वाटतं. लई मोठे कारागीर! आज जाव. आज तुमचं तोंड बघून माझं काम बिघडंल. उद्या या."

दुकानात चार माणसं होती आणि चौघंही हसली. मला हा माणूस त्या दिवशी आवडला नाही, पुढंही कधी आवडला नाही. आता ते हयात नाहीत म्हणून मी इथं गोडगोड लिहायला बसलेलो नाही. ते उद्धट होते, तोंडाळ होते आणि हौशी माणसांचा तर त्यांना मनापासून राग होता. लग्नाचे फोटो काढणारा पोटासाठी काढतो, त्याला ते नीट वागवायचे. आमच्यासारखे रविवारी वेरूळला जाणारे आले की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. तरी आम्ही जायचोच, कारण त्यांच्यासारखा हात शहरात दुसऱ्या कोणाचा नव्हता. लेन्स उघडली की एकेका थराचे स्क्रू ते अंड्यांच्या ट्रेमधल्या एकेका खळग्यात ठेवायचे आणि बंद करताना एकही खळगा चुकायचा नाही. हे कबूल करतानाही मला त्रास होतो.

त्यांच्या दुकानाचा एक रिवाज होता. दुरुस्तीला काहीही आणलेलं असो, पूर्ण बॅग काउंटरवर पालथी करायची. मग ते सामान निवडत बसायचे. कामाच्या वस्तू एका बाजूला. बाकीच्या एका स्टीलच्या ताटात, आणि ते ताट मुद्दाम सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल असं सरकवायचे. माझं ताट नेहमी भरायचं. महागडा पट्टा ताटात. सात तऱ्हेचे पुसायचे कपडे ताटात. लेन्सच्या तोंडावर लावायच्या रंगीत काचा, म्हणजे फिल्टर, सगळे ताटात. कामाच्या बाजूला उरायची एक बॅटरी आणि लेन्सचं हूड.

"हे हूड घरी कशाला ठेवता? हमेशा लावा. ऊन अडतंय, धक्का बी अडतोय. वरून काच कायकू चढवता? कंपनीनं एवढी चांगली काच दिली, तिच्यावर तुमची खिडकीची काच!"

चांगलं सांगायचं तेही शिव्या दिल्यासारखं. "लेन्स बदलताना कॅमेरा बंद. तोंड जमिनीकडं, पाठ वाऱ्याकडं. येवढं बी येत नाय?" "वेरूळहून आलात की आधी बॅग बाहेर झटका, मग कॅमेरा काढा. नायतर आख्खी लेणी आणता माझ्याकडं." "चामड्याच्या पाकिटात लेन्स ठेवली की बुरशी आलीच समजा. घट्ट झाकणाचा डबा घ्या किचनमधला, त्यात ओल शोषायच्या सिलिकाच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. बायको ओरडली तर ओरडू द्या, ती लेन्सपेक्षा मजबूत असतीय." आणि फोटो बिघडल्याची तक्रार कोणीही केली की ठरलेले दोन शब्द, "पैले निकालो." म्हणजे तुम्ही वरून जे जे लावलंय ते आधी काढा, मग दोष शोधा.

आता माझं सांगतो. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माझी नोकरी तपासणी विभागात आहे. गाडीत बसणारा लोखंडी तुकडा केसभर जरी लहानमोठा निघाला तरी मी त्याला नापासाची लाल चिठ्ठी लावतो. पण चिठ्ठी लावायच्या आधी तीनदा मोजायचं, हा आमचा नियम. नव्या पोरांना तो मीच शिकवतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते असा नियम शिकवणाऱ्या माझ्या हातून झालंय.

पक्ष्यांसाठी घेतलेली माझी लांब लेन्स धुळीनं अडकली. झूमची कडी फिरेना. अन्वरभाईंकडं दिली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. लेन्स दुकानात असताना मी घरबसल्या तिच्यासाठी एक स्वस्तातला फिल्टर मागवला. परत घ्यायला गेलो, कडी लोण्यासारखी फिरत होती. मी तिथंच खिशातून नवा फिल्टर काढून लेन्सवर चढवला.

"ये निकालो," अन्वरभाई म्हणाले.

"राहू द्या. लेन्सच्या संरक्षणाला आहे."

"लेन्सला तुमच्यापासून संरक्षण पाहिजे," ते म्हणाले, आणि परत सगळी हसली.

त्या रविवारी वेरूळला गेलो. आमच्या हौशी मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. कैलास लेण्याच्या वरच्या डोंगरावर उन्हात तीन तास उभा राहून फोटो काढले. घरी येऊन बघतो तर एकही धड नाही. शिखरावर कोणी तेलाचा हात फिरवलाय असं सगळं बुळबुळीत. दुरुस्तीआधी याच लेन्सनं पोपटाचं पीसन्‌पीस मोजता यायचं. मधे घडलं काय होतं? लेन्स अन्वरभाईंनी उघडली होती. माझ्यापुरता निकाल लागला.

तणतणत दुकानात गेलो. फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो एक क्षण बघितला, "पैले निकालो" म्हणाले आणि फिल्टर काढायला हात पुढं केला. मी लेन्स मागं ओढली.

"फिल्टरला नावं ठेवू नका! आधी तुमच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याचं बोला. दिसत नसेल तर लोकांच्या वस्तू उघडता कशाला?"

दुकानात लग्नाचे फोटो काढणारे दोघं बसले होते. या वेळी कोणी हसलं नाही. अन्वरभाईंनी दोन्ही हात काउंटरखाली घेतले. मग फक्त "जाव" म्हणाले.

मी गेलो, पण गप्प बसलो नाही. शहरातल्या हौशी फोटोवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, तांबे सर नावाचे प्राध्यापक तो चालवतात. त्यात मी लिहिलं, "अन्वरभाईंकडे कोणी लेन्स देऊ नका. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक काम दिसत नाही. माझी लेन्स वाया घालवली. सावध राहा." सोबत कैलासाचा तो फोटो. तांबे सरांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि मेसेज मीही असलेल्या आणखी दोन ग्रुपवर पाठवला. एकानंही विचारलं नाही की दोष लेन्सचाच आहे कशावरून. आमच्यात असंच चालतं. दुसऱ्याच्या फोटोतली वाकडी रेघ लगेच दिसते, पण बातमी कोणी तपासत नाही.

गिऱ्हाईक तुटायला महिना लागला नाही. आधी आमच्यातले गेले, मग लग्नवाले. वर्षभरापूर्वी ज्या दुकानात उभं राहायला जागा नसायची, ते दुपारी बंद दिसायला लागलं. मी औरंगपुऱ्यात भाजीला जाताना मुद्दाम त्या बोळातून जायचो. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, चांगलं बरं वाटायचं.

दुसरी लांब लेन्स नव्हती म्हणून आठेक महिन्यांनी गच्चीवर तीच घेऊन शेजाऱ्यांच्या कडुनिंबावरचा धनेश टिपत होतो. लेन्स कठड्यावर आपटली आणि फिल्टरला तडा गेला. चरफडत मी तो फिरवून काढला आणि सहज म्हणून फोटो घेतला. स्क्रीनवर मोठा करून बघितला. धनेशाच्या चोचीवरची चीर दिसत होती. पापणीचे केस दिसत होते. तडा अगदी कडेला होता. फिल्टर परत लावून फोटो घेतला, अख्ख्या फोटोभर तोच तेलाचा हात. काढला, स्वच्छ. लावला, तेल. असं मी तीनदा केलं. तीनदा मोजायचा नियम मला तेव्हा आठवला. मी तिथंच टाकीच्या सावलीत बसलो. बायको वर आली आणि म्हणाली, "ऊन लागलं का?"

लगेच दुकानात गेलो असं सांगायला आवडलं असतं. नाही गेलो. बरेच दिवस मी स्वतःशी वकिली करत होतो. लोकांनी मेसेज पाठवायला नको होता, म्हाताऱ्यानं नीट सांगायला हवं होतं, असं काय काय. शेवटी एका सकाळी फुटका फिल्टर खिशात घालून गेलो.

अन्वरभाई अंड्यांचे ट्रे सुतळीनं बांधत होते. दुकान सोडून जालन्याला मुलीकडं निघाले होते. मी फिल्टर काउंटरवर ठेवला.

"दोष याचा होता. तुमचा नव्हता."

"मालूम है. त्याच दिवशी मालूम होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"दो बार बोला. निकालो, निकालो. और किती बोलणार? ढोल वाजवू?"

"माफ करा, अन्वरभाई. चुकलो मी."

"ते इथं कायकू सांगता? तिथं लिहा, जिथं ते लिहिलं." मग सुतळी सोडून ते स्टुलावर बसले. "आधी ते वाचून दाखवा. मी वाचलं नाय. लोकांनी सांगितलं, हर एकानं अलग अलग. असल काय होतं, ऐकू द्या."

मी फोन काढला आणि माझंच लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. 'बारीक काम दिसत नाही' इथं मी फोन खाली केला. ते म्हणाले, "पुढं." मी पुढचं वाचलं.

"अब लिखो," ते म्हणाले.

मी काउंटरवर टेकून लिहिलं आणि वाचून दाखवलं. "नमस्कार. काही महिन्यांपूर्वी गैरसमजातून मी कदाचित घाईनं एक मेसेज टाकला होता. नंतर लक्षात आलं की फिल्टर निकृष्ट निघाल्यामुळे फोटो अस्पष्ट येत होते. अन्वरभाईंच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे."

"'कदाचित' निकालो."

काढलं.

"'गैरसमज' निकालो. काय समजायचं राहिलं होतं तुमचं?"

काढलं.

"फिल्टर निकृष्ट निघाला म्हणता. तो काय चालत आला होता लेन्सवर? निकालो. 'असल्यास' म्हणजे काय? निकालो. भावना बी निकालो. भावना नाय दुखल्या, गिऱ्हाईक गेलं. चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक."

शेवटी उरलं ते असं. "अन्वरभाईंनी माझी लेन्स बरोबर दुरुस्त केली होती. फोटो मी लावलेल्या काचेमुळे बिघडले. ती काढा असं त्यांनी दोनदा सांगितलं, मी काढली नाही. त्यांच्या डोळ्यांबद्दल मी खोटं लिहिलं." शेवटचं वाक्य मी आपणहून घातलं. तेवढं त्यांनी राहू दिलं. त्यांच्यासमोरच मी ते तिन्ही ग्रुपवर पाठवलं. दोघातिघांनी अंगठे दाखवले. एकानं विचारलं, "लेन्स विकायची आहे का?" तांबे सरांनी या वेळी हात जोडले नाहीत.

"आता दुकान नका सोडू," मी म्हणालो.

"जागा दिली दुसऱ्याला. उद्या मोबाइलची कव्हरं लागतील इथं." त्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा ओढून घेतला, लेन्स काढली, वास घेतला. "सुपारी सुटली तुमची." कॅमेरा परत गळ्यात अडकवला. मी बोळाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागून हाक आली.

"ओ साहेब! मी माफ केलं असं तिकडं लिहू नका. नाय केलं."

यंदा थंडीत त्यांच्या मुलीचा जालन्याहून फोन आला. अन्वरभाई गेले. मरायच्या आठवडाभर आधी कोणाचा तरी कॅमेरा हुंगून त्याला हाकलून दिलं होतं म्हणे. अंड्यांचा एक ट्रे तिनं माझ्याकडं पाठवला, रिकामा. तो त्यांनी द्यायला सांगितला होता की तिलाच तो नकोसा झाला होता, हे मी विचारलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर खाली आणखी एक वाक्य होतं. 'त्यांनी मनातून मला माफ केलं असावं.' ते मी दोनदा मोठ्यानं वाचलं आणि काढलं.